कमलाकर घरत यांचे सहाशे बारा शब्द

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीत बातमी फुटली की तळमजल्यावरच्या कमलाकर घरतांनी घरात बाई ठेवलीय. तीही आंधळ्या बायकोच्या नाकासमोर. वय वर्षं सदुसष्ट, गळ्याला भोक, तोंडातून शब्द निघत नाही, आणि हे धंदे. दोन नंबरच्या वहिनींनी दुपारी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरुण, शिकलेली, जरा सर्दी झाल्यासारखी बाई म्हणत होती, "तू जेवलीस का. तू जेवलीस का." चार वेळा, एकाच सुरात. वहिनींच्या मते ती आवाजावरून पुण्याची वाटत होती. दुसऱ्या दिवशी ती नर्स झाली, तिसऱ्या दिवशी घटस्फोटित, आणि पाचव्या दिवशी वॉचमनने तिला मागच्या गेटने जाताना पाहिलंसुद्धा.

त्या बाईला मी भेटलेय. साडेसहा इंचांची आहे आणि चार्जरला लावून ठेवावी लागते. काका मोबाईलवर टाईप करायचे आणि मोबाईल ते मोठ्याने वाचायचा. त्या मोबाईलमध्ये मराठी बोलणारा पुरुष सापडला नाही, म्हणून बाई. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्यांच्याच घरातलं कोणी गेलं. "मग वॉचमनने कोणाला पाहिलं?" एवढंच त्या म्हणाल्या.

काकूने मात्र त्या बाईला पहिल्या दिवशीच घराबाहेर काढलं. "ती कोन बोलतंय? तिला सांगा, मना अगंतुगं करू नको." मग मोबाईल उशीखाली गेला. चंद्रावतीकाकूला बाईचा राग नव्हता. नवऱ्याचा आवाज गेला आणि त्याच्या जागी ही आली, याचा होता. आणि नवऱ्याचा आवाज गेला तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेला तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते.

काका एकतीस वर्षं पनवेलच्या एसटी स्टँडवर होते. कागदावर वाहतूक नियंत्रक, पण गावाला माहीत होते ते खिडकीच्या आत माइकपुढे बसलेले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." या चार शब्दांत त्यांचा सगळा माणूस होता. "कृपया" म्हणताना ते थोडा श्वास आत ठेवायचे आणि "द्यावे"ला तो सोडायचे. गावाच्या नावाआधी अर्धा क्षण थांबायचे, म्हणजे झोपलेला माणूसही आपलंच गाव आहे की काय म्हणून डोळे उघडेल. "पेण" अगदी पटकन, टिकली लावल्यासारखं. "अलिबाग" म्हणताना मात्र "बाग" खाली ठेवायचे, हमालाने पोतं ठेवावं तसं. मला हे सगळं येतं. मी जिन्यात उभी राहून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची गाडी रद्द करायचे आणि ते खरंच चिडायचे. आमच्या वर्गात माझ्याकडून सगळ्यात जास्त मागितला जाणारा आवाज प्रिन्सिपलांचा आहे, दुसरा घरतकाकांचा.

काकांच्या घशात गाठ निघाली २०१४ साली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं आणि अकरा दिवसांनंतरची तारीख दिली. काकूच्या बहिणीचा मुलगा निकेश मोऱ्याला राहतो; तेव्हा तो कॉलेजात होता आणि कॉम्प्युटरची जोडाजोड करायचा. त्याने या अकरा दिवसांसाठी एक मशीन उभं केलं. खोका कळंबोलीच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेचा, बोर्ड जुन्या बाजारातला, पंखा तिसऱ्याचा. आत विंडोज एक्सपी टाकली, कारण त्याच्याकडचं आवाजाचं कार्ड तिच्यावरच चालायचं. ज्या वर्षी काकांचा घसा गेला, त्याच वर्षी कंपनीने त्या विंडोजला पुढचे अपडेट द्यायचं बंद केलं. निकेशला वाटलं, एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे, मग नवीन काहीतरी करू. मग तो जहाजावर लागला. आता महिनोनमहिने समुद्रात असतो.

त्या अकरा दिवसांत काकांनी आपला आवाज साठवून ठेवला. एकेक शब्द बोलायचा, निकेश त्याला नंबर द्यायचा. पुढे कीबोर्डवर नंबर मारून एंटर दाबलं की मशीन काकांच्या आवाजात तो शब्द बोलणार. पण काका एसटीचे. पहिले दोन दिवस त्यांनी एक ते शंभर आकडे म्हटले. मग वार, महिने, फलाट क्रमांक. मग राज्यातल्या सगळ्या विभागांची यादी, ठाणे-रायगडपासून अमरावती-चंद्रपूरपर्यंत. मग रद्द, विलंबाने, तांत्रिक बिघाडामुळे, दिलगीर आहोत. निकेश डोक्याला हात लावून म्हणत होता की काका, घरातलं बोला. काका म्हणाले, आधी महत्त्वाचं होऊ दे. घरातलं शेवटच्या दोन दिवसांत झालं, घसा सुजलेला असताना. चहा, पाणी, औषध, जेवलीस का, दार लाव, भूक नाही, लाईट गेली. ५४० नंबरला "अगं". एकूण सहाशे बारा.

त्यात काकूचं नाव नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या घरात, आणि त्यांच्या वयाच्या सगळ्याच घरांत, नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. तीही मारत नाही. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून घास भरवला होता, हे काकू अजून सांगते. पुढची बेचाळीस वर्षं "अगं"वर निभावली. जे नाव कधी तोंडातून गेलंच नाही, ते साठवायचं कोणाच्या डोक्यात येणार?

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. ते मिक्सरसारखा आवाज काढतं. काकूने त्याचं नाव भुंगा ठेवलं. काकांनी ते दोन दिवस वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं "अलिबाग" तसं म्हटलं, तो मिक्सरमधून "चहा" म्हणणार नाही. गर्व होता, दुसरं काही नाही. तेव्हा परवडतही होता, कारण काकू चौथी शिकलेली, काका पाटीवर लिहायचे आणि ती वाचायची.

मग काकूच्या साखरेने तिचे डोळे खाल्ले. आधी पेपर गेला, मग पाटी, मग खिडकीचा उजेड. चार वर्षांपूर्वी शेवटचं ऑपरेशन फसलं आणि तेव्हापासून हिशोब सरळ झाला: तिला दिसत नाही, त्यांना बोलता येत नाही, आणि दोघांच्या मध्ये तो खोका. भुंगाही तोवर कपाटात पडून पडून बंद पडला होता; काकांकडून काकूपर्यंत जायला सहाशे बारा शब्दांचा एवढा एकच रस्ता उरला.

आमचं घर बरोबर वर. मला सगळं ऐकू यायचं. "अगं. चहा. पाहिजे. का." प्रत्येक शब्द वेगळ्या दिवशी बोललेला, म्हणून एक ताजातवाना, एक थकलेला. काकू खालून, "टाका की. साकर नको म्हनते ती डॉक्टरीन. तुमी टाका, तिला कोन सांगतंय." भांडण झालं की काकांची पंचाईत व्हायची. रागाचे शब्द साठवलेच नव्हते. मग ते म्हणायचे, "तांत्रिक बिघाडामुळे. गाडी. रद्द." आणि काकू म्हणायची, "मंग मी चालत जाते." त्यांचं भांडण तिथेच मिटायचं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. सकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. काकांनी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी, मग निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तीन तास तेच.

दुसऱ्या दिवशी काकांनी खोका चादरीत बांधला आणि रिक्षात घालून बाजारात नेला. जाताना काकूला कसं सांगायचं? त्यांनी तिचा हात धरला आणि टेबलावरच्या रिकाम्या जागेवर ठेवला. त्यांना वाटलं तिला कळेल की मशीन दुरुस्तीला चाललंय. काकूला कळलं ते असं, की मशीन कायमचं गेलं आणि आता हे बोलणार नाहीत.

दुकान केतन नावाच्या मुलाचं. तो कसा बोलतो ते मी नंतर स्वतः ऐकलं, कारण दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. "काका, एक्सपी? सीरियसली? ये तो म्युझियम में रखने का. सपोर्टच नाही ना कंपनीचा. विंडोज उडालीय. फॉरमॅट मारतो, नवीन टाकतो, एकदम मख्खन." काकांनी पाटीवर लिहिलं: आतला आवाज राहील का? केतनने वाचलं अर्धंच. "डेटा निघेल, काका. पण वाजवणार कशावर? ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर हात पण टेकवणार नाही. भूल जाओ." बोलता बोलता त्याची बोटं चालूच. पडद्यावर एक चौकट आली, त्यात प्रश्न होता. केतन न वाचता एंटर दाबायला गेला. काका वाचत होते. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. सगळं दुकान शांत झालं, कारण त्याच बटणावर पंखाही होता.

त्या प्रश्नात लिहिलं होतं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का.

काकांची ही सवय स्टँडवरची. समोर आलेला कागद शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचा, मगच माइक चालू करायचा. एका अक्षराने गाडी पेणऐवजी पेठला जाते, असं ते म्हणायचे म्हणे. केतनच्या पिढीला, म्हणजे माझ्याही, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायची सवय नाही. आम्ही ते ओळखतो आणि दाबतो.

ते दुकानात असताना काकू घरात एकटी होती. तिने तीनदा विचारलं, "घरान हाव का तुमी?" उत्तर नाही. तिला वाटलं बसलेत रुसून. मशीन गेलं त्याचा राग आपल्यावर काढतात. म्हणून समजूत काढायला ती चहा करायला उठली. चार वर्षांत तिने गॅसला हात लावला नव्हता. तापलेल्या पातेल्याची कड तिच्या उजव्या तळव्यात बसली. ती ओरडलीसुद्धा नाही. माझ्या आईला खालून जळका वास आला म्हणून ती धावली, तर काकू ओट्याला टेकून उभी, हात पदरात, आणि समोरच्या भिंतीला सांगत होती, "बोलू नका तर नका बोलू. च्या तरी घ्या."

काका आले तेव्हा आई पट्टी बांधत होती. आईने त्यांना जे सुनावलं ते मी इथे काढून दाखवू शकते, पण नको. काका खोका खांद्यावर घेऊन दारातच उभे होते. मग त्यांनी खोका खाली ठेवला आणि काकूच्या खाटेच्या लाकडावर बोटाने एकदा वाजवलं. काकू म्हणाली, "आयलाव?" त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं. तेव्हापासून एक टकटक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही. पुढचे बारा दिवस त्या घरात एवढंच बोलणं झालं. मधल्या काळात ती मोबाईलवाली बाई आली आणि गेली, ते सांगितलंच.

बाजारातली आणखी दोन दुकानं झाली. दोघांनी तेच सांगितलं, एकाने हसून, एकाने न हसता. निकेशच्या फोनवर मेसेज टाकले; एकच बरोबरची खूण पडायची. जहाज कुठल्या समुद्रात होतं कोणास ठाऊक.

मग काकांनी मशीन परत टेबलावर मांडलं आणि सगळ्यात पहिली गोष्ट केली ती म्हणजे पडदा वाचला. निळ्याच्या आधी काळ्या पडद्यावर ज्या ओळी येत होत्या आणि जिथे तिन्ही दुकानदारांनी न बघता बटण दाबलं होतं, त्या त्यांनी पाटीवर अक्षर अन् अक्षर उतरवून घेतल्या आणि मला वर हाक मारायला जिन्याच्या कठड्यावर पाटी आपटली. त्यात तारीख होती १ जानेवारी २००९. आणि शेवटी दोन शब्द: डिफॉल्ट्स लोडेड.

तारीख चुकली म्हणजे आतलं घड्याळ थांबलं, हे काकांना माझ्याआधी कळलं. बोर्डावर एक बटणाएवढी बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग्ज धरून ठेवते. ती मेली होती. मार्केटातल्या घड्याळवाल्याकडे तसलीच मिळाली. काकांनी बसवली, तारीख बरोबर केली. तरी निळा पडदा.

त्यांनी पाटीवर लिहिलं: डिफॉल्ट म्हणजे काय?

मी सांगितलं, कोणी काही सांगितलं नसेल तर जे आपोआप असतं ते.

काकांनी पाटीवरची तारीख आणि ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग खाली लिहिलं: म्हणजे निकेशने काहीतरी सांगितलं होतं. ते मशीन विसरलं.

या एका ओळीपर्यंत बाजारातलं कोणी पोचलं नव्हतं. आता निकेशने काय सांगितलं होतं ते शोधायचं, आणि निकेश समुद्रात. सेटिंग्जची पानं पाच, पर्याय साठ-सत्तर, सगळे इंग्रजीत. काकांनी वही घेतली आणि स्टँडवर आखायचे तसे रकाने आखले: अनुक्रमांक, काय बदलले, निकाल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चालू करायचं. तीन मिनिटं थांबायचं. निळा आला तर लिहायचं "निळा", ती गोष्ट पुन्हा होती तशी करायची, मगच पुढची. मी म्हटलं, काका, पाच-पाच एकदम बदलू, लवकर होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाच गाड्या एका फलाटावर लावा म्हणाले.

चार दिवस ते चाललं. निळा. निळा. निळा. काकू खाटेवर, हात उशीवर उंच ठेवून. जखम सुकत नव्हती. मध्येच ती विचारायची, "व्हतंय का?" आणि काका दोनदा वाजवायचे. तिसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडून दिलं. मला ते सगळ्यात वाईट वाटलं. काकूसारखी बोलकी बाई गप्प झाली की घर कसं ऐकू येतं हे मला सांगता येत नाही. मला फक्त आवाज काढता येतात.

एकोणसाठाव्या ओळीला काकांच्या बोटाखाली जो पर्याय आला, तो हार्ड डिस्कचा होता. ती बोर्डाशी जुन्या पद्धतीने बोलणार की नव्या. आपोआप नवीन लागली होती, आणि त्या म्हाताऱ्या विंडोजला नवीन पद्धत कळतच नव्हती. काकांनी जुनी लावली. तीन मिनिटं. हिरवी टेकडी आणि निळं आकाश आलं. वहीत निकालाच्या रकान्यात त्यांनी "निळा" लिहायला घेतलेला "नि" खोडला आणि लिहिलं: "सुटली."

मग नंबर मारला, ५४०.

"अगं."

काकू उठून बसली. पट्टीचा हात तिने आवाजाच्या दिशेला धरला आणि म्हणाली, "किती दिस कुठं व्हतेव?"

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतक्या आनंदाने लिहिली असती की विचारू नका. पण डिस्क आतून टिकटिक करत होती. त्याच दुपारी आम्ही सगळे शब्द पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतले आणि एकेका नंबरला मशीन अडकायला लागलं. जो शब्द वाचता आला नाही तो गेला. एकाहत्तर गेले. "हो" गेला. "जेवलीस का" गेलं. शुक्रवार गेला. "औषध" अर्धं राहिलं. विभागांची यादी मात्र सगळी शाबूत. गडचिरोलीपर्यंत एकही गाव हललं नाही. काकांनी गेलेल्या शब्दांपुढे वहीत फुल्या मारल्या. "हो"च्या जागी ते टकटकच करत राहिले.

पुढच्या आठवड्यात हाताची जखम बघायला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट काकांच्या हातात दिला आणि बाहेर नेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवावं लागेल, आणि तरीही फार धरून चालू नका. काका ऐकत होते. हे मला माहीत आहे कारण रिक्षात काकूला धरून बसायला मी गेले होते आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

त्यांची मुलगी मनिषा आपट्याला असते. ती आली, रडली, आणि आमच्या घरी येऊन काकांना दबक्या आवाजात सांगायला लागली, "आईला काय बोलू नका, बाबा. आपण म्हणू, हाताचं इंजेक्शन आहे. तिला कुठं दिसतंय?" माझी आई पण म्हणाली, तेच बरं. मलाही बरं वाटलं. काकांनी पाटी मागितली आणि इतकं दाबून लिहिलं की खडू तुटला.

"गाडी रद्द झाली तर सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माणसं फलाटावर बसून राहतात."

मनिषाताई म्हणाली, "मग सांगा. कशाने सांगणार?"

तो प्रश्न बरोबर होता. उरलेल्या पाचशे एक्केचाळीस शब्दांत किडनी नव्हती. मरण नव्हतं. भिऊ नको नव्हतं. होतं ते रद्द, विलंबाने आणि दिलगीर आहोत. दुसऱ्या कोणी सांगितलेलं काकांना नको होतं. त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, उरलेल्या शब्दांतून काय काय जुळवायचं. आणि पहिल्या ओळीत एकच शब्द होता जो त्यांच्याकडे कधीच नव्हता.

पाच दिवस ते निकेशने ठेवलेल्या आवाज कापायच्या प्रोग्रॅमपुढे बसले. "चंद्रपूर" घेतलं, "अमरावती" घेतलं. एकाचं पुढचं तोंड, दुसऱ्याचं शेपूट. सहाव्या दिवशी मला बोलावलं आणि ६१३ मारून ऐकवलं.

भयंकर होतं. "चंद" वर चढत होता, नुकतीच सुटलेली गाडी. "रावती" खाली येत होतं, पोचलेली गाडी. मध्ये एक खट्ट. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. म्हटलं, काका, दोन एसट्या समोरासमोर धडकल्यात. काकूला वाटेल काहीतरी पडलं. तिने आयुष्यात तुमच्या तोंडून हे ऐकलेलं नाही, तिला कळणारच नाही. त्यापेक्षा मी सांगते. तुमच्याच आवाजात. मग मी त्यांना त्यांच्याच आवाजात "चंद्रावती" म्हणून दाखवलं, श्वास आत ठेवून, अर्धा क्षण थांबून, शेवट खाली ठेवून. खोटं कशाला बोलू, अप्रतिम झालं. काकांचे डोळे एकदम भरले आणि मला वाटलं, जमलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं: तिला कळेल, तू आहेस.

मी म्हटलं, पैज.

त्यांनी अटी सविस्तर लिहिल्या, ते कुठलीही गोष्ट अर्धवट लिहीत नाहीत. काकूने मशीनचं नाव ओळखलं नाही, तर रिपोर्ट मी त्यांच्या आवाजात सांगायचा. ओळखलं, तर मी उठून घरी जायचं, ते स्वतः सांगतील. आणि त्यांचा आवाज पुन्हा कधी काढायचा नाही, जिन्यातसुद्धा. खाली सही केली आणि खडू माझ्याकडे दिला. मीही केली. जिंकणारच होते.

काकू खाटेवर बसून डाव्या हाताने लसूण सोलत होती. दुपारचे चार वाजले असतील. काकांनी ६, १, ३ मारलं आणि एंटरवर बोट ठेवलं. मग दाबलं.

"चंद्रावती."

काकूचा हात थांबला. बाकी काही हललं नाही. मी दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. काकांकडे बघून मी भुवया उडवल्या.

काकूने लसणाची पाकळी ताटलीत ठेवली आणि पट्टीच्या हाताने पदर डोक्यावर ओढला.

"लगनान पन धड नाय घेतलंत," ती म्हणाली. "आज घेतलंत. म्हंजे तो रिपोर्ट आयला."

काकांनी टेबलावर एकदा वाजवलं.

"वाईट हाय?"

पुन्हा एकदा.

"मंग बोला. मी ऐकते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीने दार दाखवलं. मी उठले. चपला हातात घेऊनच बाहेर आले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा आतून पुन्हा त्या दोन गाड्या धडकल्या, आणि त्यानंतर, श्वास आत ठेवून, "कृपया लक्ष द्यावे."

पुढचं ऐकायला मी थांबू शकले असते. पण पैज हरले होते, आणि सही माझी होती.